मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला सूज का येते? इंजेक्शन नेमकं काय करतं?

"पडद्यावर सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल." मधुमेहाच्या अनेक रुग्णांना हे वाक्य ऐकावं लागतं. साखर वाढली रक्तात, मग पाणी डोळ्यात कसं साचलं?

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच पातळ थर असतो. या पेशी एकमेकींना प्रथिनांनी धरून असतात. त्यातलं मुख्य प्रथिन व्हीई-कॅडहेरिन. दोन शेजारच्या पेशींमधून बाहेर आलेली ही प्रथिनं कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांत अडकतात. ही पकड फरशीच्या सांध्यातल्या सिमेंटसारखी पक्की नसते, गरजेप्रमाणे सैल किंवा घट्ट होते.

सैल करणारा ओळखीचा घटक म्हणजे व्हीईजीएफ. १९८३ मध्ये बोस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठीतून स्रवणारं असं प्रथिन सापडलं, ज्याने रक्तवाहिन्या गळू लागत. १९८९ मध्ये अमेरिकेतच नेपोलिऑन फेरारा यांनी रक्तवाहिन्यांची वाढ करणारा घटक वेगळा केला. दोन्ही एकच निघाले! त्यात नवल नाही म्हणा. नवी फांदी फुटायची तर पेशींना शेजारणीचा हात थोडा सोडावाच लागतो. व्हीईजीएफचा निरोप आला की व्हीई-कॅडहेरिनला फॉस्फेट चिकटतं, त्यातलं काही पेशीच्या आत ओढलं जातं आणि सांध्यात फट पडते.

मात्र वाढीचे सगळेच घटक पकड सोडवत नाहीत. अँजिओपोएटिन-१ उलट सांधे घट्ट ठेवतो. त्याचाच भाऊबंद अँजिओपोएटिन-२ त्याच्या कामात खोडा घालतो.

वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. ऑक्सिजन कमी पडला की पडदा व्हीईजीएफ सोडतो. हाक मदतीची असते, पण सांधे सैल होऊन पाणी झिरपतं. ते नेमकं मधल्या भागात साचलं तर अक्षरं धूसर आणि सरळ रेषा वाकड्या दिसतात.

रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही इंजेक्शनं व्हीईजीएफलाच पकडून ठेवतात. मूळ कर्करोगाचं औषध असलेलं बेव्हॅसिझुमॅबही स्वस्त पडतं म्हणून वापरलं जातं. फॅरिसिमॅब हे नवं औषध व्हीईजीएफसोबत अँजिओपोएटिन-२ लाही अडवतं. सुई बारीक असते आणि आधी डोळा बधिर करतात.

औषधाचा असर काही आठवड्यांत ओसरतो, पडद्यातून व्हीईजीएफ येणं मात्र थांबलेलं नसतं. म्हणून "आता दिसतंय की" म्हणत पुढची तारीख चुकवली, तर सूज परत येऊ शकते.