किल्ली माणसाला नव्हे, जबाबदारीला



गणेशोत्सवात आपण कोठीची किल्ली कोठी सांभाळणाऱ्याकडे देतो, पावतीपुस्तक कोषाध्यक्षांकडे. उत्सव संपला की दोन्ही परत घेतो. इंटरनेटवरच्या कपाटांबाबत मात्र आम्ही हे विसरलो होतो. नवी कार्यकारिणी आली तरी जुन्या कार्यकर्त्यांना सभासदांची यादी, पत्ते, फोन आणि वर्गणीसकट, उघडता येत होती. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण एखाद्याचा फोन हरवला असता तर यादी परक्या हाती गेली असती.

यावरचा उपाय हायटेक सिटीत, गच्चीबावलीत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना रोजचाच आहे: रोल-बेस्ड ॲक्सेस. म्हणजे अधिकार पदाला द्यायचे आणि माणसाला पद. १९९२ साली अमेरिकेत डेव्हिड फेरायोलो व रिचर्ड कुन यांनी ही पद्धत सूत्रबद्ध मांडली.

अडचण अशी की प्रत्येक सेवेची भाषा वेगळी. गूगल ड्राइव्हमधला ‘एडिटर’ फाइल बदलतो, आणि मालकाने अडवले नसेल तर ती इतरांनाही देऊ शकतो. वर्डप्रेसमधला ‘एडिटर’ दुसऱ्यांचे लेख बदलून प्रसिद्ध करतो, पण नवे सदस्य नेमू शकत नाही. शब्द एकच, ताकद वेगळी. म्हणून आम्ही आधी कागदावर तक्ता केला: कोणत्या पदाला काय पाहायला हवे, काय बदलायला हवे. मगच प्रत्येक सेवेत त्याप्रमाणे अधिकार दिले.

आता नियम असे:

१. अधिकार ‘कोषाध्यक्ष’, ‘ग्रंथालय’ अशा गटांना. पदाधिकारी बदलले की गटातले नाव बदलायचे.
२. कामापुरताच अधिकार. कार्यक्रमाच्या स्वयंसेवकाला त्या दिवसाची नोंदणी दिसेल, वर्गणी नाही.
३. ‘लिंक असेल त्या कुणालाही’ ही सोय सभासदांच्या माहितीसाठी बंद.
४. मुख्य अधिकार दोघांकडे, म्हणजे एक गावाला गेले तरी काम अडत नाही. दोघांनाही दुहेरी पडताळणी सक्तीची.
५. वार्षिक सभेनंतर आठवड्याभरात सगळ्या गटांची तपासणी.

एक विनंती: पासवर्ड कुणालाही, अगदी आम्हालाही, सांगू नका. एकाच पासवर्डवर चौघे काम करू लागले की फाइल कुणी बदलली ते कळत नाही आणि सगळा तक्ता व्यर्थ जातो. तुम्हाला नको ती फाइल उघडता आली, तर संकोच न करता कळवा.

आपली,
कार्यकारिणी