आधी पकड, मग रंग

टूलरूममध्ये नवा जॉब टेबलावर आला की पहिला प्रश्न एकच असतो: धरायचा कुठे? कापायचा कसा, घासायचा कसा, हे सगळं नंतर. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात जॉब पकडून ठेवणारे जिग आणि फिक्स्चर बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर प्लास्टिकची विमानं जोडायचा नाद लागला, आणि तोच प्रश्न पुन्हा पुढ्यात आला. पूर्वी जॉब उचलायला क्रेन लागायची, आता चिमटा लागतो, इतकाच फरक.

ही विमानं किटच्या खोक्यात सुट्या भागांनी येतात. पॉलिस्टायरीन प्लास्टिकचे ते भाग एका चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. या चौकटीला छंदवाले स्प्रू म्हणतात. माझ्या टेबलावर सध्या नॅट आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या हवाई दलाने उडवलेलं हे ब्रिटिश आराखड्याचं छोटं लढाऊ विमान. आपल्याकडे ते बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्यावर बनवलं. खऱ्या नॅटच्या पंखांचा पसारा ६.७३ मीटर. माझं मॉडेल एकास बहात्तर प्रमाणाचं, म्हणजे पंख साडेनऊ सेंटिमीटरसुद्धा भरत नाहीत. चाकं हरभऱ्याच्या डाळीएवढी. ती बोटांत धरली तर रंगवायला उरतं काय?

शिवाय बोटं तेलकट असतात. कातडीचं तेल लागलेल्या जागी रंग नीट धरत नाही, म्हणून रंगाआधी भाग भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवायचे. चंदेरी रंग तर फारच चुगलखोर. अर्धवट वाळलेला असताना बोट टेकलं की अंगठ्याचा ठसा कायमचा उमटतो, तलाठ्याच्या कार्यालयात उमटावा तितका स्पष्ट.

सगळ्यात सोपी म्हणून सांगितली जाणारी युक्ती म्हणजे भाग स्प्रूवर असतानाच रंगवणे. मला ती पटत नाही. साच्याची दोन अर्धुकं जुळतात तिथे प्रत्येक भागावर एक उंच रेघ राहते, ती चौकटीत असताना चारी बाजूंनी खरवडता येत नाही. आणि देठ तोडला की तिथे उघडं प्लास्टिक दिसतं; त्यावर पुन्हा रंगाचा ठिपका द्या. त्यापेक्षा देठाला हात न लावता चौकटच कापावी, बोटभर तुकडा भागाला तसाच ठेवावा. आयती मूठ मिळते. अर्थात, देठ अदृश्य जागी असेल तरच हे जमतं.

ही अदृश्य जागाच सगळ्याचं मूळ आहे. प्रत्येक भागाला एक बाजू अशी असते जी पुढे दुसऱ्या भागाला चिकटणार असते. ती कुणाला दिसणार नसते. आणि तिच्यावर रंग चढू द्यायचाही नसतो, कारण मॉडेल जोडायचा गोंद, म्हणजे सिमेंट, प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. मध्ये रंगाचा थर आला तर तो रंगालाच चिकटतो, आणि जोड रंगाच्या पापुद्र्यासकट सुटतो. म्हणून पकड तिथेच घ्यावी. तीच जागा झाकली जाते, तिथूनच धरलं जातं. एका दगडात दोन पक्षी.

आमच्या सोनारांना हे कधीचंच ठाऊक आहे. खडे बसवताना दागिना लाकडी दांड्याच्या टोकावरच्या लाखेत रोवतात. काम झालं की लाख तापवून दागिना सोडवतात. प्लास्टिकला तशी ऊब सोसत नाही, म्हणून लाखेच्या जागी ब्लू-टॅक किंवा फेविकॉल. वैमानिकाच्या खुर्चीच्या तळाला फेविकॉलचा थेंब, त्यात कबाबची बांबूची काडी, रात्रभर वाळू द्यायचं. सोडवताना कोमट पाण्यात भिजवलेला बोळा तळाशी धरायचा, फेविकॉल मऊ पडतो. घाई असेल तर फेविक्विकचा कणभर थेंब. तो ठिसूळ असतो, काडीला पीळ दिला की कटकन सुटतो. ओढायचं नाही, पिळायचं. मात्र वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाजवळ फेविक्विक आणू नये. त्याच्या वाफेने झाकणावर पांढरी धूसर साय चढते. झाकण धरायला आतून मास्किंग टेपची गुंडाळी पुरते.

पायऱ्या, नळ्या, अँटेना असल्या बारीक भागांना क्रोकोडाइल क्लिप बरी पडते. पुण्यात तपकीर गल्लीत इलेक्ट्रिकच्या दुकानांत सुटी मिळते. क्लिपची शेपटी काडीवर बसवली की झालं. तिचे दात मऊ प्लास्टिकवर वळ उठवतात, म्हणून दातांवर टेपचा तुकडा गुंडाळावा.

चपट्या भागांची गोष्ट वेगळी. नॅटच्या चाकांवरची झाकणं हवेत ब्रेकचंही काम करायची, त्यामुळे ती आतून-बाहेरून दिसतात. फूटपट्टीवर मास्किंग टेप उलटा, चिकट बाजू वर, दोन्ही टोकं दुमडून लावायचा आणि त्यावर झाकणं ओळीने बसवायची. आतली बाजू रंगवून पूर्ण वाळली की उलटायची. एअरब्रशने १५-२० पीएसआयचा झोत मारला तरी कड सुटून झाकण पतंगासारखं उडायला वेळ लागत नाही, तेव्हा आधी नखाने कडा दाबून पाहाव्यात.

या सगळ्या पकडींमागे टूलरूमचंच गणित आहे. कुठल्याही वस्तूला हलायच्या सहा तऱ्हा असतात: तीन सरळ, तीन फिरत्या. फिक्स्चर म्हणजे या सहांना लावलेला अटकाव. गोल भोकात टूथपिक खुपसली की पाच थांबतात, फिरणं उरतं. खुर्चीच्या बाबतीत हा दोष, चाकाच्या बाबतीत वरदान. चाकाच्या भोकात टूथपिक बसवायची, टायर आणि मधली तबकडी जिथे भेटतात तिथे भिजलेला ब्रश टेकवायचा आणि टूथपिक चिमटीत गोल फिरवायची. लेथवर हेच तर चालतं: जॉब फिरतो, टूल जागेवर. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवून करंगळ्या एकमेकींना लावल्या की थरथर निम्मी होते. माझी पुतणी पहिल्यांदा पाहत होती, ती म्हणाली, "काका, तुम्ही ब्रश धरलाय की लाकूड?" ब्रश इथे लाकडासारखाच निश्चल धरायचा असतो, बाई.

माणसांच्या मूर्तींना मी हातड्रिलने पायात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडतो आणि पितळी तार बसवतो. रंगवताना ती मूठ, जोडताना तीच खुंटी. याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

रंगवलेल्या काड्या उभ्या करायला थर्माकोल सगळेच वापरतात. पण थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, किटचंच प्लास्टिक. स्प्रे कॅनमधला लॅकर त्याला खातो. ठोकळ्यावर थेट फवारा मारला तर काड्यांची बिळं मोठी होतात आणि सगळी रांग झुकते. खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधून उभ्या केल्या तर त्यांच्या नळ्यांत काड्या घट्ट बसतात, आणि फुकट. पावसाळ्यात लॅकर मारूच नये. दमट हवेत त्यावर दुधाळ डाग येतात.

भाग स्प्रूवरून सुटला की त्याचा नंबरही चौकटीवरच राहतो. म्हणून प्रत्येक काडीला टेपची छोटी झेंडी लावून त्यावर नंबर लिहायचा, आणि डावा-उजवा. चाकांच्या दोन झाकणांत फरक ओळखायला भिंग लागतं, आणि रंग चढल्यावर भिंगही उपयोगी पडत नाही.