विश्लेषण : युरिया भरपूर, तरी भात पोचट का?

कोकणात लावणी आणि पूर्व विदर्भात रोवणी आटोपली की खतांच्या दुकानांपुढे रांगा लागतात, त्या प्रामुख्याने युरियासाठी. युरिया टाकताच आठवडाभरात खाचर हिरवेगार होते. मात्र कापणीनंतर त्याच शेतातील लोंब्यांत पोचट दाणे निघतात आणि गिरणीत तांदळापेक्षा कणी अधिक पडते. याचे कारण अनेकदा बियाण्यात नव्हे, तर जमिनीतील अन्नद्रव्यांच्या बिघडलेल्या संतुलनात असते.

भाताला नेमके काय लागते?

एक टन धान पिकवताना पीक जमिनीतून साधारण १५ ते २० किलो नत्र उचलते. पालाशही जवळपास तितकेच, तर स्फुरद त्याहून बरेच कमी लागते. नत्रामुळे फुटवे आणि लोंबीतील दाण्यांची संख्या वाढते. स्फुरदामुळे मुळे लवकर पसरतात. पालाश दाणा भरण्यास मदत करते आणि खोडाला ताठपणा देते. याखेरीज गंधक, जस्त, लोह, बोरॉन आणि सिलिका यांचीही गरज असते. यातील एकाची कमतरता असेल तर बाकीची खते कितीही टाकली तरी उत्पादन त्या कमतरतेपाशीच अडते.

उचललेल्या पालाशपैकी बहुतांश भाग पेंढ्यात राहतो. त्यामुळे पेंढा विकला किंवा जाळून टाकला आणि पालाशयुक्त खत दिले नाही, तर दरवर्षी जमिनीतील साठा घटत जातो. हिरव्या पिकाकडे पाहून ही तूट लक्षात येत नाही.

टाकलेला युरिया जातो कुठे?

खाचरातील साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियाचे अमोनियात रूपांतर होते आणि त्यातील काही भाग वायुरूपाने उडून जातो. काही नत्र पाण्याबरोबर बांधाबाहेर वाहून जाते. काहीचे मातीतील जिवाणू नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. परिणामी टाकलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच पिकाच्या उपयोगी पडते. पीक पिवळे दिसले की शेतकरी पुन्हा युरिया टाकतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते.

यामागे किमतीचेही गणित आहे. २०१० मध्ये अन्नद्रव्याधारित अनुदान धोरण आले, पण युरिया त्याबाहेर राहिला. त्याची ४५ किलोची गोणी सुमारे २६६ रुपयांना मिळते, तर डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला १३५० रुपये मोजावे लागतात. हातात पैसे कमी असलेला शेतकरी साहजिकच स्वस्त खताकडे वळतो.

जमिनीनुसार अडचण बदलते का?

हो. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असते. ते स्फुरदाला बांधून ठेवते. मुसळधार पावसाने चुना, मॅग्नेशियम आणि पालाशही वाहून जाते. खाचरात पाणी साचल्यावर आम्लता कमी होऊन थोडे स्फुरद मोकळे होते, पण त्याच वेळी जस्ताची उपलब्धता घटते. चुनखडीच्या आणि विम्लधर्मी जमिनीत जस्ताची अडचण अधिक जाणवते. तेथे स्फुरदयुक्त खत जास्त झाले तर ती आणखी वाढते.

जस्ताचे महत्त्व उशिरा कळले. उत्तर भारतातील तराई पट्ट्यात लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत भाताच्या पानांवर कातासारखे तांबूस डाग पडत आणि वाढ खुंटत असे. ‘खैरा’ नावाच्या या विकाराचे कारण बुरशी किंवा कीड नसून जस्ताची कमतरता आहे, हे पंतनगर येथे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिले. पाच किलो झिंक सल्फेट आणि अडीच किलो विरवलेला चुना हजार लिटर पाण्यात मिसळून हेक्टरी फवारणे, हा त्यावरचा उपाय आजही वापरात आहे.

तांदळाच्या दर्जावर काय परिणाम होतो?

योग्य वेळी दिलेल्या नत्रामुळे दाण्यातील प्रथिने वाढतात, दाणा कणखर होतो आणि भरडताना कमी तुटतो. नत्र अति झाले तर पीक माजते, वाऱ्यापावसात लोळते आणि करपा रोगाला बळी पडते. लोळलेल्या पिकाचा दाणा नीट भरत नाही. तो पांढुरका, खडूसारखा राहतो आणि गिरणीत त्याची कणी होते. प्रथिने फार वाढली तर शिजलेला भात घट्ट होतो. म्हणूनच चवीला महत्त्व देणाऱ्या जपानमध्ये प्रथिनांचे प्रमाण कमी असलेला तांदूळ चांगला समजला जातो.

प्रश्न ताटापर्यंतही पोहोचतो. ज्या घरांत दोन्ही वेळा भातच असतो, तेथे जस्त मिळण्याचा मोठा मार्ग तांदूळच असतो. जमिनीतून दिलेल्या झिंक सल्फेटमुळे उत्पादन सुधारते. दाण्यातील जस्त वाढवण्यासाठी मात्र फुलोऱ्यानंतरची फवारणी अधिक परिणामकारक ठरते. ‘डीआरआर धान ४५’सारखे जस्तयुक्त वाणही २०१६ मध्ये आले. तरीही वाणाला जस्त जमिनीतूनच घ्यावे लागते, आणि पॉलिशमध्ये त्याचा काही भाग कोंड्याबरोबर निघून जातो.

‘चारसूत्री’ने काय साधले?

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री भातशेती याच गळतीवरचे उत्तर आहे. पहिले सूत्र, तुसाची राख आणि पेंढा जमिनीला परत देणे. यातून सिलिका आणि पालाश मिळते. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला गाडणे. तिसरे, १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी. चौथे, चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल युरिया-डीएपीची एक गोळी खोचणे. या अंतराने हेक्टरी सुमारे ६२,५०० गोळ्या बसतात. २.७ ग्रॅमची गोळी धरली तर खत लागते सुमारे १७० किलो.

खोल चिखलात हवा नसल्याने नत्र अमोनियमच्या रूपात टिकते आणि मुळांना हळूहळू मिळत राहते. अडचण मजुरांची आहे. लावणीच्या धांदलीत हजारो गोळ्या हाताने खोचायला माणसे मिळत नाहीत. त्यामुळे फायदा ठाऊक असूनही अनेक ठिकाणी खत फेकूनच दिले जाते.

शेतकऱ्याने सुरुवात कुठून करावी?

माती परीक्षणापासून. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटकांची नोंद असते. त्यात नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्यासोबत जस्त, बोरॉन व गंधकही येते. नमुना भात कापणीनंतर, खत टाकण्याआधी घ्यावा. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताच्या ढिगाजवळची माती टाळावी. शेतात अनेक ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे खड्डे करून सुमारे २० सेंटिमीटरपर्यंतची माती घ्यावी आणि ती एकत्र मिसळून अर्धा किलो नमुना द्यावा.

त्यानंतर नत्र एकाच वेळी न देता लावणी, फुटवे आणि लोंबी धरण्याची वेळ अशा हप्त्यांत विभागावे. स्फुरद व पालाश लावणीच्या वेळी द्यावे. अहवालात जस्त कमी दिसले तर चिखलणीच्या वेळी हेक्टरी साधारण २५ किलो झिंक सल्फेट पुरेसे ठरते. पण ते स्फुरदयुक्त खतात मिसळून देऊ नये. युरियाची पुढची गोणी उचलण्याआधी या अहवालातील जस्त आणि पालाशचे आकडे पाहिले, तर पोचट लोंबीचे कारण बहुधा तिथेच सापडते.