गोळीनंतरची हमाली

ग्रँड जंक्शन (कोलोरॅडो), नोव्हेंबर २०२५

शिकार म्हटलं की आपल्याला संस्थानिकांचे जुने फोटो आठवतात. मेलेल्या वाघावर पाय, हातात बंदूक, आणि चौकटीबाहेर कुठेतरी तो वाघ वाहून आणणारी गावची माणसं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते प्रकरण आपल्याकडे मिटलं. अमेरिकेच्या पश्चिम भागात शिकारीला जातात ते सुतार, नर्सा आणि शाळामास्तर. वाहून आणायला गडीमाणसं नसतात. ज्यानं मारलं, त्यानंच पाठीवर घ्यायचं.

ही शिकार बव्हंशी सरकारी जमिनीवर चालते. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे सुमारे साडेचोवीस कोटी एकर आणि फॉरेस्ट सर्व्हिसकडे १९ कोटी एकरांहून जास्त जमीन आहे, त्यातली बहुतेक पश्चिमेत. तिथं हिंडायला, तंबू ठोकायला सहसा कुणाला विचारावं लागत नाही. रानातली जनावरं राज्याच्या मालकीची, म्हणजे सगळ्यांची, मानतात. पण सगळ्यांची म्हणून कुणीही उठावं आणि मारावं असं मात्र नाही. कोलोरॅडोत १९९९पासून हरणाचे परवाने मर्यादित आहेत आणि ते सहसा सोडतीनं मिळतात. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला जातो, बंदूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते आणि अंगात भडक नारिंगी किंवा गुलाबी जाकीट सक्तीचं असतं. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणून खासगी रानात शिरलो, ही सबबही चालत नाही. हद्द ओळखणं शिकाऱ्याचं काम. त्यामुळे प्रत्येकाच्या फोनवर सातबाऱ्याइतका बारकाईचा नकाशा असतो.

माझे शेजारी निवृत्त प्लंबर आहेत. त्यांच्यामागून अन्कंपाग्रे पठारावरच्या खुज्या ओकच्या जाळ्यांतून फिरताना कळलं की बंदुकीचं काम क्षणाचं, सुरीचं काम तासांचं आणि पायांचं काम दिवसभराचं असतं. इथलं हरीण म्हणजे म्यूल डीअर, खेचरासारख्या मोठ्या कानांचं. चांगला वाढलेला नर ऐंशी-नव्वद किलो सहज भरतो. असं धूड डोंगरातून ओढत आणण्यापेक्षा पडल्या जागीच त्याचे भाग करणं बरं.

जनावर कुशीवर घालतात. मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरून चीर देऊन कातडी पोटाकडे सोलत आणतात आणि केसांची बाजू मातीकडे करून ती पसरतात, मग तिच्यावरच काम चालतं. पुढचा फरा काढायला सांधा शोधावा लागत नाही, कारण हरणाचा खांदा धडाला हाडानं जोडलेलाच नसतो, तो नुसत्या स्नायूंवर तोललेला असतो. पाय उचलून धरला की सुरीला वाट मिळते. मागच्या मांडीला खुब्याचा सांधा गाठून आतला बंध कापावा लागतो, आणि नवखा तिथंच अडतो. मग कण्यालगतचा पाठीचा लांब पट्टा, मानेचं मांस, आणि शेवटच्या बरगडीमागून हात घालून काढलेला आतला सगळ्यात मऊ तुकडा. नंतर जनावर उलटं करायचं आणि सगळं पुन्हा. या पद्धतीत पोट फाडावंच लागत नाही. कोल्हापूरच्या खाटकाला यात नवल वाटणार नाही. फक्त इथं टांगायला हूक नाही, हात धुवायला नळ नाही, आणि उतारावर जनावर सारखं घसरत असतं.

घाई असते ती ऊब घालवण्याची. मांडीच्या हाडाशी उष्णता कोंडून राहते आणि मांस तिथूनच नासायला लागतं. म्हणून तुकडे हवा खेळणाऱ्या सुती पिशव्यांत भरून सावलीत फांदीला टांगतात. प्लास्टिकची पिशवी काढणाऱ्याकडे जुने शिकारी फार वाईट नजरेनं बघतात.

हाडं काढलेलं मांस पंचवीस-तीस किलो होतं. ते पाठपिशवीच्या सांगाड्याला घट्ट लगटून, जरा उंचावर बांधतात. ओझं खाली लोंबलं तर माणूस मागे ओढला जातो आणि उतरणीला गुडघे बोलायला लागतात. एल्क, म्हणजे याहून बरंच मोठं हरीण, मारलं तर मांस शंभर किलोच्या आसपास जातं, म्हणजे एकट्याला चार-पाच खेपा. गाडी रस्ता सोडून रानात घालता येत नाही. १९६४च्या कायद्यानं राखलेल्या ‘विल्डरनेस’ पट्ट्यांत तर चाकाची हातगाडीही चालत नाही. तिथं पाय, घोडा, खेचर किंवा लामा. म्हणून शहाणा शिकारी आधी परतीची वाट बघतो आणि मगच नेम धरतो. खोल दरीपलीकडचं हरीण समोर असूनही शेजाऱ्यांनी बंदूक खाली केली, ती दया म्हणून नव्हे, पाठीचा विचार करून.

मांस टाकून येण्याची सोय कायद्यानं ठेवलेली नाही. निदान चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतले मऊ तुकडे खाण्यासाठी आणलेच पाहिजेत. नुसती शिंगं घेऊन जनावर सोडून देणं हा कोलोरॅडोत गंभीर फौजदारी गुन्हा आहे. नर-मादीची खूण मांसाच्या एखाद्या भागाला मुळातच जोडलेली राहू द्यावी लागते, वनरक्षक ती तपासतो. आणि हे मांस विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारणाऱ्यांनी रानं ओस पाडली, त्याची ही आठवण. हॉटेलात मिळतं ते पाळलेल्या हरणाचं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. घरचं उरलं तर वाटायचं. आमच्या वाट्याला आलेल्या फऱ्याचा कांदा-लसूण मसाल्यातला रस्सा शेजाऱ्यांना तिखट लागला, पण त्यांनी पातेलं रिकामं केलं.

कणा आणि मेंदू रानातच सोडतात, त्याला ओझ्याखेरीज आणखी एक कारण आहे. हरणांना पोखरून मारणारा एक मेंदूचा रोग १९६७मध्ये याच राज्यात, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत, पहिल्यांदा दिसला. माणसाला तो झाल्याचं आढळलेलं नाही, तरी रोगी जनावराचं मांस खाऊ नका, असं आरोग्य खातं सांगतं. त्यामुळे कित्येक जण गळ्यातल्या गाठींची तपासणी होऊन निकाल येईपर्यंत फ्रीझरला हात लावत नाहीत.

या घाम गाळण्यातून जमिनीशी जे नातं जडतं, ते राजकारण्यांना २०२५च्या जूनमध्ये दिसलं. यूटाचे रिपब्लिकन सिनेटर माइक ली यांनी वीस-तीस लाख एकर सरकारी जमीन विकायची तरतूद अर्थसंकल्पी विधेयकात घालू पाहिली. पर्यावरणवाले विरोध करणार हे ठरलेलंच होतं. पण त्याच पक्षाला वर्षानुवर्षं मतं देणारे शिकारीही उठले आणि महिना संपायच्या आत तरतूद मागे घेतली गेली. शेजाऱ्यांनीही लोकप्रतिनिधीच्या कचेरीत फोन लावला होता. धोरणाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. कुठल्या वर्षी कुठल्या पठारावर काय मारलं आणि किती लांबून वाहून आणलं, एवढंच पलीकडच्या पोराला सांगत बसले.