चार दिवस सोसले तर घर सावरते

खडकवासल्याच्या लोकांना धरणाचा धडा नव्याने द्यायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्या लोंढ्यापुढे येथले जुने धरणही टिकले नाही. आजही पावसाळ्यात धरण भरत आले की मुठेत पाणी सोडतात. खाली पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो, कामावर जाणाऱ्यांना वळसा पडतो. थोडी गैरसोय सोसून मोठे संकट टाळायचे, हा त्यातला हिशेब.

घरात दारू शिरली की आपण नेमके उलटे वागतो. भांडण नको, शेजारीपाजारी शोभा नको, म्हणून बायको पैसे काढून देते, आई मुलाची उधारी फेडते, 'ताप आलाय' असा निरोप कामावर जातो. ती रात्र शांत जाते. आजार मात्र वाढत राहतो.

दारू सोडताना पहिले दिवस कठीणच असतात. हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, माणूस चिडतो. हाल बघवत नाहीत म्हणून घरचेच 'घोटभर द्या' म्हणतात आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हा त्रास बहुधा आठवडाभरात ओसरतो. मात्र रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती सोडावी. पुण्यातले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करीत आहे. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची उभारणी केली. औषधाने शरीर सावरले तरी काम संपत नाही. मग चारचौघांत बसून स्वतःविषयी खरे बोलावे लागते. तेही सोपे नसते.

मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागत विचारतात, बाळाने तोंडात खडा घातला तर काय करशील? राजकुमार सांगतो, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला बाळाची करुणा आहे. करुणा म्हणजे नुसते लाड नव्हेत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. विहारात आपण ती म्हणतो. तिची खरी परीक्षा स्वयंपाकघरात, पैशाच्या डब्यापाशी होते. म्हणून भगिनींनो, उद्यापासून डबा उघडू नका, खोटा निरोप धाडू नका. घरधनी रागावतील, चार दिवस अबोला धरतील. मारहाण होत असेल तर मात्र एकटीने सोसू नका. माहेरची, विहारातली माणसे सोबत घ्या, वेळ पडल्यास पोलिसांत जा. आणि वस्तीतल्या बांधवांनो, अशा घराची कुजबुज करू नका. त्या माणसाला दवाखान्यात न्यायला तुमच्यापैकी एकाने त्याच्याबरोबर बसमध्ये बसा.