मकरसंक्रांतीतला ‘मकर’ नेमका कोण?

पुण्याला समुद्र नाही, तरी दर जानेवारीत इथल्या घराघरांत एका काल्पनिक जलचराचं नाव घेतलं जातं. तिळगुळाच्या सणातला ‘मकर’ म्हणजे नुसती मगर नव्हे. ‘मगर’ हा शब्द मात्र ‘मकर’वरूनच आलाय. शिल्पांत मकराला बहुधा हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाची शेपटी असते. तो गंगेचं आणि वरुणाचं वाहन. मदनाच्या ध्वजावरही तोच. ग्रीकांनी याच राशीत अर्धा बोकड, अर्धा मासा पाहिला. ती कल्पना मूळची बॅबिलोनची. आपल्याकडच्या अनेक जुन्या देवळांत अभिषेकाचं पाणी मकराच्याच तोंडातून बाहेर पडतं. त्यामुळे पुढच्या वेळी देवळात गेलात, तर गाभाऱ्याबाहेरची दगडी पन्हळ नीट बघा. हत्ती वाटला, तरी शेपटी शोधायला विसरू नका!