चार देह, एक जीव

रविवारी दुपारी भाच्याच्या खोलीत चहा घेऊन गेलो, तर मान न वळवता त्यानं बजावलं, "मामा, दीड सेकंद काही बोलू नको." दोन मिनिटं थांब असं कुणीही म्हणतं. दीड सेकंद थांब असं मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं. पडद्यावर टोपडं घातलेली, हातात फावडं धरलेली बुटकी माणसं होती. चौघंही एकसारखी, एका छापातून काढल्यासारखी. ती जमिनीत विरघळली, भलत्याच जागी उगवली, तिथला धिप्पाड गडी आडवा झाला आणि भाच्यानं श्वास सोडला. "हं, आता बोल."

मी तोंड उघडतो तोवर पडद्याचा रंगच उडाला. सगळं राखाडी. लढाईतून वाचलेल्या चौघांपैकी एक जण रक्तबंबाळ होऊन झाडीकडे निघाला होता, त्याला वाटेत कुणीतरी गाठलं. मेला तो एकटा, पण पडले चौघंही.

या बुटक्याचं नाव मीपो. 'डोटा 2' या खेळात शंभराहून कितीतरी जास्त नायक आहेत, आणि त्यात शिकायला सर्वांत अवघड कोण, या वादात मीपोचं नाव हमखास निघतं. खुद्द खेळातच प्रत्येक नायकापुढे अवघडपणाच्या एक ते तीन खुणा असतात. मीपोपुढे तीन आहेत. मला विचाराल तर चौथी द्यायला हरकत नव्हती.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाच विरुद्ध पाच. नकाशाच्या दोन कोपऱ्यांत दोन तळ, त्यांना जोडणारे तीन रस्ते, रस्त्यांच्या मधे जंगल. प्रत्येक खेळाडूकडे एक नायक. दर तीस सेकंदांनी दोन्ही तळांतून शिपायांच्या तुकड्या आपोआप निघतात आणि रस्त्यात भिडतात. हे शिपाई, म्हणजे 'क्रीप', मारले की सोनं मिळतं, अनुभव मिळतो, सोन्यातून शस्त्रं येतात, आणि शेवटी समोरच्याच्या तळातली मुख्य वास्तू पाडायची. एक डाव साधारण पाऊण तास चालतो. 2003 च्या सुमारास 'वॉरक्राफ्ट 3' या खेळाच्या हौशी चाहत्यांनी रचलेल्या एका नकाशातून हे सगळं उगवलं. 'व्हॉल्व्ह' कंपनीनं 2013 मध्ये त्याचा स्वतंत्र, अधिकृत अवतार बाजारात आणला.

तो जुना नकाशा आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर रात्र-रात्र चालायचा. या खोलीतून त्या खोलीत केबल ओढलेल्या, जेवणाची ताटं कीबोर्डशेजारी, आणि मेसच्या मामांना आमच्या आरडाओरड्याचा अर्थ न लागलेला. तेव्हा मीपोला आम्ही 'जिओ' म्हणायचो, कारण त्याच्या जातकुळीचं नाव जिओमॅन्सर. मी तो एकदाच खेळलो. मजल्यांच्या स्पर्धेचा शेवटचा डाव होता, आणि एका मीपोला जंगलात विसरून मी तो घालवला. समोरच्याला तो योगायोगानं सापडला. माझे उरलेले मीपो त्या वेळी त्यांच्या तळाच्या दारात उभे होते. पुढचे दोन आठवडे मला जेवणाच्या रांगेत 'मोजलेस का रे सगळे?' एवढंच ऐकू येत होतं.

बाकी नायक एकटे असतात. मीपो सुरुवातीला एकटा असतो, आणि पातळी वाढेल तसे टप्प्याटप्प्यानं त्याचे आणखी तीन जुळे जमिनीतून वर येतात. (एकेकाळी अघानिमचा राजदंड विकत घेतला की पाचवाही यायचा. या खेळाचे नियम सतत बदलतात, त्यामुळे आकडे मागेपुढे होतात. मूळ स्वभाव मात्र तोच राहिला आहे.) हे जुळे म्हणजे छाया किंवा मायावी प्रतिमा नाहीत. प्रत्येकाला स्वतःचं रक्त, स्वतःची जादू, ती पुन्हा वापरायला लागणारा स्वतःचा वेळ. पण जीव सगळ्यांत मिळून एकच. आपल्याकडच्या रक्तबीजाचं वरदान इथं उलटं करून दिलंय: एक थेंब सांडला की नवा उभा राहायच्या ऐवजी, असलेले सगळे आडवे.

त्याच्या दोन जादू समजल्या की पुढचं सगळं समजतं. पहिली जाळं. ते फेकलं की समोरचा जेमतेम दोन सेकंद जागेला खिळतो. चौघांकडे चार जाळी. नवखा खेळाडू घाबरून चारही एकदम फेकतो आणि दोन सेकंदांनी सावज आरामात चालू लागतं. एक जाळं सुटायच्या क्षणी दुसरं पडलं पाहिजे, मग तिसरं, मग चौथं. आठ सेकंद माणूस जागचा हलत नाही, आणि या खेळात आठ सेकंद म्हणजे युग आहे. दुसरी जादू 'पूफ'. कुठलाही मीपो नकाशावर कुठेही असलेल्या दुसऱ्या मीपोजवळ जाऊन उगवू शकतो. निघताना आजूबाजूच्यांना इजा, पोहोचल्यावर तिथल्यांना इजा. फक्त मंत्र पुरा व्हायला दीड सेकंद लागतो. भाच्याचा दीड सेकंद तो हा.

आता मघाची लढाई हळू गतीनं पाहू. मुख्य मीपोकडे 'ब्लिंक' नावाचा खंजीर असतो. त्यानं क्षणात थोडं पुढं उडी मारता येते. जुळ्यांकडे तो नसतो. वस्तूंमधले बूट तेवढे जुळ्यांच्या पायांत येतात, आणि ताकद-चपळाई-बुद्धी वाढवणाऱ्या वस्तूंचा लाभ पोहोचतो, म्हणून मीपोवाले असल्याच वस्तू घेतात. तर तीन जुळ्यांनी आधी पूफ सुरू करायचा, मुख्य मीपोचं नाव घेऊन. मुख्य मीपो अजून सुरक्षित, झाडामागे. एक सेकंद जातो. मंत्र पुरा व्हायच्या जरा आधी मुख्य मीपो खंजिरानं थेट शत्रूच्या अंगावर उडी घेतो आणि जाळं टाकतो. जुळे निघाले होते त्याच्याकडे. तो आता जिथं आहे तिथं ते उगवतात. समोरच्याला दिसतं ते एवढंच: एक बुटका आला, पाय अडकले, तिघं फुटले, संपलं. उडी थोडी लवकर मारली तर मुख्य मीपो एकटा शत्रूंच्या मधे सापडतो. उशिरा मारली तर तिघं झाडामागेच उगवतात, आणि सगळे मिळून झाडाला घाबरवतात.

बोटांनी हे कसं होतं? 'टॅब' दाबलं की एका मीपोवरून पुढच्यावर ताबा जातो. त्यामुळे टॅब, पूफ, टॅब, पूफ, टॅब, पूफ अशी एक लय असते. भाच्याच्या कीबोर्डवर ती इतकी सारखी वाजते की खोलीबाहेरून मला कळतं, आता मारामारी सुरू झाली. सगळ्यांना एकदम हुकूम देण्याचीही सोय असते, आणि एकेकाला वेगळ्या अंकाच्या कळीवर बसवता येतं. हात बसायला काही आठवडे लागतात. तबल्यावर कायदा बसवतात तसंच हे, हळू, मग दुप्पट, मग चौपट. हा भाग कष्टाचा आहे. अवघड आहे असं मी म्हणणार नाही.

अवघड भाग लढाई नसताना सुरू होतो. मीपोची खरी कमाई जंगलात. तिथल्या प्राण्यांचे ठरलेले अड्डे दर मिनिटाला पुन्हा भरतात. एकटा नायक एका वेळी एक अड्डा साफ करतो. मीपो दोन इकडे, एक तिकडे, एक रस्त्यावरच्या शिपायांवर सोडतो आणि दुसऱ्या कुणाहीपेक्षा भरभर पातळी चढतो. म्हणजे चार ठिकाणी चार कामं चालू आहेत आणि डोळे एकाच ठिकाणी आहेत. स्वयंपाकघरात हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको: एका शेगडीवर कुकर, दुसरीवर फोडणी, तिसरीवर दूध, आणि फोन वाजतोय. आई कुकरकडे बघत नव्हती, शिट्या मोजत होती. दुधाकडे मात्र नेमक्या क्षणी वळायची. मीपोचा जाणकारही सगळीकडे बघत नाही. पडद्याच्या डाव्या कडेला प्रत्येक जुळ्याचं छोटं चित्र आणि त्याखाली रक्ताची पट्टी असते. बघायचं तिथं. चार पट्ट्यांतली सर्वांत आखूड कुठली, एवढंच. कारण तुम्ही किती बलवान, हे तुमचा सर्वांत अशक्त मीपो ठरवतो. तो दुखावला की त्याला पूफनं दुसऱ्याकडे पळवा, आणि पूफ चालू असतानाच्या दीड सेकंदात त्याला कुणी झोपवणार नाही याची काळजी घ्या. शिवाय पातळी जेवढी वरची तेवढी मेल्यावर परत यायला लागणारी वाट लांब. भरभर चढलेला मीपो मेला की भरपूर वेळ बाहेर बसतो.

एका वेळी किती गोष्टींवर नजर ठेवता येते, या मर्यादेवर मानसशास्त्रात एक जुना प्रयोग आहे. झेनन पिलिशिन आणि रॉन स्टॉर्म यांनी 1988 मध्ये लोकांना पडद्यावर हलणारे एकसारखे ठिपके दाखवले आणि त्यांतल्या काहींचा माग ठेवायला सांगितलं. बहुतेकांना चार, फार तर पाच ठिपके सांभाळता आले, त्यापुढे गोंधळ. मीपो रचणाऱ्यानं हे वाचलं असेल असं मला वाटत नाही. पण चार-पाच देहांचा हा प्राणी बरोबर त्या कड्यावर उभा आहे, आणि ठिपक्यांना निदान कुणी मारायला येत नव्हतं.

यंत्रालाही हे प्रकरण सोपं गेलं नाही. 'ओपनएआय'नं डोटा खेळणारी संगणकप्रणाली तयार केली आणि एप्रिल 2019 मध्ये तिनं तेव्हाच्या जगज्जेत्या 'ओजी' संघाला सॅन फ्रान्सिस्कोत सलग दोन डावांत हरवलं. बातमी जगभर गाजली. तळटीप तेवढी गाजली नाही: नायक फक्त सतरा, आणि मायावी प्रतिमा किंवा जास्तीचे सोबती वापरायला मनाई. एकाहून जास्त देह चालवायला यंत्राला शिकवणं तांत्रिकदृष्ट्या जास्त गुंतागुंतीचं, म्हणून ते बाजूला ठेवलं होतं. मीपो त्या यादीत नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

त्याच एप्रिलमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' ही डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. क्रिकेटच्या मॅचला ओरडावं तसं लोक पडद्याकडे बघून ओरडत होते, आणि बाहेर टॅक्सीवाले विचारत होते की आत नक्की काय आहे.

अशा स्पर्धांत खेळणारे व्यावसायिक संघ मीपोला क्वचितच हात लावतात. नायक आळीपाळीनं निवडायचे असल्यामुळे मीपो घेतलाच तर बहुधा शेवटी, समोरच्याला उतारा शोधायची संधी न देता. उतारे आहेतच तसे. अर्थशेकर जमीन हादरवतो तेव्हा आसपासच्या प्रत्येक शत्रूमागे एक प्रतिध्वनी उठतो आणि सगळ्यांना लागतो. चार मीपो एकत्र उभे असले की त्यांच्याच संख्येनं ते मरतात. त्याहून क्रूर विंटर वायव्हर्न. तिचा शाप एकावर पडला की त्याचे जवळचे साथीदार त्यालाच मारू लागतात. म्हणजे तीन मीपो चौथ्याला बडवतात, चौथा मरतो आणि पाठोपाठ बडवणारेही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू आवरेना, आणि ते माझ्याबाबतीत घडलेलं नाही याचा आनंद लपवता येईना.

तरीही काही जणांनी यातच नाव काढलं. फिलिपिन्सचा अबेद युसोप, ज्यानं 2017 मध्ये सगळ्यांआधी दहा हजार मानांकनाचा टप्पा ओलांडला, त्याचा मीपो प्रसिद्ध आहे. डिजिटल केऑस संघाकडून 2016 च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळलेला 'डब्ल्यू-तेहतीस'ही मीपोवाला म्हणूनच ओळखला जातो. अशांचे डाव बघताना एक गोष्ट जाणवते: घाई दिसत नाही. चारपैकी दोघं नुसते उभे असतात. नवख्याला वाटतं सगळे सतत हलले पाहिजेत. त्याचं मग एक ना धड भाराभर चिंध्या.

साध्या खेळाडूला शत्रूपेक्षा जास्त त्रास आपल्याच संघाचा. कुणी मीपो निवडला की बाकीचे चौघं कपाळाला हात लावतात. कारण मीपो जंगल एकटाच खाऊन टाकतो. जिंकला तर 'हिरो तगडा होता,' हरला तर 'कुणी सांगितलं होतं घ्यायला?' भाच्याला तर डाव सुरू व्हायच्या आधीच शिव्या पडल्या होत्या. त्या वाचून दाखवायला तो तयार नव्हता. आजी घरात होती.

राखाडी पडदा अजून तसाच होता. आकडा खाली उतरत होता. तेवढ्यात त्यानं निवलेला चहा एका घोटात संपवला आणि खुर्ची माझ्याकडे ढकलली. "मामा, एक काम कर. तू खेळू नको. फक्त डावीकडच्या चौथ्या पट्टीकडे बघ. निम्म्याच्या खाली गेली की ओरड."

एवढं तर मला जमलं असतं. चौघं तळातून निघाले, दोन जंगलात शिरले, मी चौथ्या पट्टीवर डोळे रोवून बसलो. मग मधल्या रस्त्यावर मारामारी पेटली. जाळं पडलं, दुसरं पडलं, तिसरं अगदी वेळेवर, समोरचा पाय सोडवायला धडपडतोय, टॅबची ती लय सुरू झाली, आणि मी हातातली कपबशी विसरून पुढे वाकलो.

पडदा राखाडी झाला तेव्हा मला पट्टी आठवली.